सासूबाईंची रिकामी मांडी

पहिल्या खेपेला मी पोटुशी असताना सासूबाई माझ्यामागं हात धुऊन लागल्या होत्या. नववा लागला तरी जात्यावर बसवायच्या आणि येताजाता म्हणायच्या, "हिला पोरगीच व्हणार हाय." निजामाच्या कचेरीत शेताच्या बांधाचे तंटे ऐकले जायचे, सुनेचं गाऱ्हाणं ऐकणारं कुणी नव्हतं. मी धसकाच घेतला. मुलगी झाली, पण तिला जवळ घ्यायला माझे हात पुढं होईनात. ती रडायची आणि मी भिंतीकडं तोंड करून पडायचे. तिची माया लागायला मला वर्ष लागलं. ते वर्ष सासूबाईंनी हिरावलं, हे मी मनात धरून ठेवलं.

दुसऱ्या खेपेला पाचव्यातच लेकीला घेऊन मी वडवणीकडं मावशीच्या घरी गेले. तिथं शेळ्यामेंढ्या होत्या. मावशी मला झाडाखाली बसवायची, पाय चेपायची, टोचून कधी बोलायची नाही. मुलगा झाला, तसा मी त्याला आपणहून छातीशी ओढला.

बारशाला सासूबाई कुंची घेऊन आल्या आणि नातवासाठी मांडी घालून बसल्या. मी म्हणाले, "आत्याबाई, आधी पोरीला घ्या."

त्यांनी हाक मारली. पोरगी माझ्यामागं लपली.

"कावून छळतीस गं मला?" त्या रडवेल्या झाल्या.

"तुमी छळलं तवा मी बी लई रडले," मी म्हणाले.

बाळ रांगेपर्यंत मी त्यांच्या मांडीवर दिलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.