बासरीची रिकामी जागा

इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून, जाड दाराची एक छोटी खोली होती. आत एक खुर्ची, एक हेडफोन आणि वायरला लोंबणारं एक बटण. दार लावलं की बाहेरचा आवाज इतका बंद होई की नवखा माणूस स्वतःच्याच आवंढ्याने दचके. बाहेर काचेच्या खिडकीपाशी मशीन घेऊन ज्या बसत, त्यांना सगळं इस्पितळ कानवाल्या बाई म्हणे. सव्वीस वर्षं त्यांचं हेच काम. बारीक बारीक होत जाणारे सूर माणसाच्या कानात सोडायचे, त्याला ऐकू आलं की तो बटण दाबतो, बाईंसमोर दिवा लागतो, बाई कागदावर टिंब मांडतात. कान बरे करणं हे डॉक्टरांचं काम. हे त्या दिवसातून दहादा सांगत आणि तरी पेशंट त्यांनाच विचारत, "बाई, कधी बरं होईल हो?"

या कामात एक खोच होती. मधूनच बाई काहीच वाजवत नसत. सूर सोडल्यासारखा हात हलवायचा आणि गप्प बसायचं. याला त्या 'कोरी' म्हणत. परवाना हवा असलेला ड्रायव्हर, नोकरीवर गदा येईल म्हणून धास्तावलेला कारखान्यातला माणूस, हे कोरीलाही हमखास बटण दाबत. बाई त्यांना कधी रागावल्या नाहीत. ही माणसं थापा मारत नसत, त्यांना खरोखर काहीतरी ऐकू येई. ऐकू यावं अशी आस लागली की कान काय वाटेल ते ऐकवतो. पण कागदावर मात्र बाई खरं तेच लिहीत, मग समोरच्याने कितीही गयावया करो. त्यांच्या टिंबांवर लोकांच्या नोकऱ्या अवलंबून असत.

घरी बाई आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघंच. दादा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. "घराण्यातले डोळे माझ्याकडे आले, कान तुझ्याकडे," दादा म्हणत, "आणि तोंड सगळंच्या सगळं धाकटीने पळवलं." धाकटी म्हणजे त्यांची लहान बहीण, शाळेत शिक्षिका, लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलेली. तिची हाक ऐकायला हेडफोन लागत नसे.

दादांना नाद एकच, व्हिडिओ गेमचा. त्यातही मारामारीचे, गाड्या उडवायचे खेळ त्यांना चालत नसत. आपण एका माणसाची भूमिका घ्यायची, सोबती जमवायचे, गावोगाव फिरायचं, असले महिनोन्‌महिने पुरणारे खेळ त्यांना लागत. दुकानातून आले की हातपाय धुऊन कंट्रोलर हातात. बाईंनी त्या कंट्रोलरला कधी बोटसुद्धा लावलं नाही आणि पडद्याकडेही फारसं पाहिलं नाही. त्या स्वयंपाकघरातून नुसतं ऐकत. होडीचं संगीत वेगळं, जंगलाचं वेगळं, लढाईचं तर भांडी खाली ठेवायला लावणारं. धर्मशाळेत रात्र काढायची झाली की चारच ओळींची एक अंगाई वाजे आणि पटकन उजाडे. ती बाईंची फार आवडती.

"गावात पोचलास वाटतं," त्या आतून म्हणत.

"तुला गं कसं कळलं?"

"पाय दुखले असतील तर चहा ठेवते."

शेवटच्या खेळात तळ्याकाठचं एक गाव होतं. नायिकेचे तीन सोबती, आणि नायिका धरून चौघांना प्रत्येकी एक वाद्य नेमून दिलेलं. नायिकेची सतार, लोहाराचा ढोल, औषधं देणाऱ्या म्हातारीचं व्हायोलिन, नावाड्याची बासरी. जितके सोबती तुमच्याजवळ, तितकी वाद्यं गावाच्या धूनमध्ये वाजत. एका संध्याकाळी कणीक मळता मळता बाईंचे हात थांबले.

"अरे, बासरी कुठे गेली?"

दादा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा पडलेला. "नावाडी गेला," म्हणाले. "पुरात."

त्या दिवशी दोघांनाही जेवण गोड लागलं नाही. पण बाईंच्या मनात घर केलं ते पुढच्या गोष्टीने. धून तीच चालू होती आणि बासरीच्या जागी कुणीही वाजवत नव्हतं. बाकीची तिघं त्या ठिकाणी येऊन दोन ओळी नुसती ठेका धरून थांबत आणि मग पुढे जात. दादांना खेळाच्या संगीतकाराचं किती कौतुक! "दुसरा कुणी असता तर व्हायोलिन घुसडून मोकळा झाला असता," ते म्हणत. "याने जागा धरून ठेवली बघ."

त्यानंतर तीन आठवड्यांनी दादा गेले. दुपारी, दुकानात, स्टुलावर बसल्या बसल्या, हातातली काच न सोडता.

त्याआधी वर्षभर धाकटी त्यांच्याशी बोलत नव्हती. "पन्नाशी उलटली तरी पोरखेळ सुटत नाहीत तुझे," असं ती भर पाहुण्यांत म्हणाली होती आणि दादांनी, कधी नव्हे ते, तिला दार दाखवलं होतं. भांडण एवढंसं, पण मिटवायला आधी कोण जाणार यावर वर्ष गेलं. बहीणभावंडांत हा मूर्खपणा कुठून येतो कोण जाणे.

दादा गेल्यावर बाईंनी घरातलं सगळं आवरलं, गेमला मात्र हात लावला नाही. कामावरून आल्या की तो फक्त चालू करून ठेवत. दादांनी खेळ थांबवला होता तो त्याच गावात, विहिरीपाशी. खेळातली नायिका तिथेच उभी असे, खांदे हळूहळू वरखाली होत असत, श्वास घेत असे. कुणी पुढे चालवणारं नव्हतं. गावाची धून वाजत राही, बासरीची जागा येई, दोन ओळी मोकळ्या जात, आणि बाई कपड्यांना इस्त्री करत.

सात महिन्यांनी, एका मंगळवारी, त्या मोकळ्या जागेत बासरी वाजली.

अर्धीच ओळ. शेवटचा सूर किंचित उतरलेला, फुंक कमी पडल्यासारखा. बाईंनी इस्त्री उभी करून ठेवली. पुढच्या फेरीला काही नाही. त्याच्या पुढच्या फेरीला पुन्हा. नावाड्याची जुनी धून बाईंना तोंडपाठ होती. ही ती नव्हती. ही बासरी वेगळंच काही वाजवत होती, आणि बाकीच्या तिघांना ते ठाऊक असावं तशी ती तिघं हळू झाली होती.

बाई घाबरट नव्हत्या. त्यांनी खिडक्या लावल्या, फ्रिज बंद केला, शेजाऱ्यांच्या भिंतीला कान लावला. मग टीव्हीच्या स्पीकरला कान लावला आणि चटकन मागे घेतला. आवाजाजवळ गेलं की तो मोठा होतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ढोल मोठा झाला, सतार मोठी झाली, व्हायोलिन तर कानात टोचायला लागलं. बासरी होती तेवढीच राहिली.

रोज ती थोडी लांबत गेली. पंधरा दिवसांत दोन्ही ओळी भरल्या.

बाईंनी स्वतःचे कान मशीनवर तपासले. वयाला शोभतील असे ठणठणीत. पण सूर आपणच सोडायचा आणि बटणही आपणच दाबायचं, ही कसली तपासणी! आपल्याच डोक्यात बासरी वाजत असेल तर दुसऱ्याच्या कानांचा निवाडा आपण कोणत्या तोंडाने करायचा? बाईंनी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला. आणखी कुणाला ती बासरी ऐकू आली तर ठीक, नाहीतर सोमवारी कागद साहेबांच्या टेबलावर. आणि एक गोष्ट त्या स्वतःशीही पुरती कबूल करत नव्हत्या. नोकरी गेली असती तर त्यांनी सोसलं असतं. बासरी गेली असती तर मात्र दादा दुसऱ्यांदा गेले असते.

त्यांनी गावाची धून फोनवर उतरवून घेतली, त्यातही त्यांना बासरी स्पष्ट ऐकू आली, आणि शनिवारी दुपारी, विभाग बंद झाल्यावर, धाकटीला बोलावून घेतलं.

"ताई, तू आधी डॉक्टरला दाखव," सगळं ऐकून धाकटी म्हणाली.

"दाखवीन. त्याआधी तुझे कान मला दाखव. बासरी ऐकू आली की बटण दाबायचं. नाही आली तर नाही दाबायचं. मला बरं वाटावं म्हणून काही करू नकोस."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. सतार कोणती आणि व्हायोलिन कोणतं ते तरी कुठे कळतं?"

"म्हणूनच तुला बोलावलं."

धून कशी आहे, जागा कुठे येते, यातलं अक्षरही बाईंनी सांगितलं नाही. दादांच्या गेममधलं आहे एवढंच सांगितलं. तो शब्द निघताच धाकटीचं तोंड मिटलं. ती गुमान आत जाऊन बसली. बाईंनी दार लावलं, फोन मशीनला जोडला, धून सुरू केली.

ढोल. सतार. व्हायोलिन. बाईंनी दिव्याकडे बघायचं टाळलं, मग न राहवून बघितलं. जागा आली आणि दिवा लागला. दोन ओळी लागून राहिला आणि व्हायोलिन परत आलं तसा विझला. दुसऱ्या फेरीला तेच. तिसऱ्या, चौथ्या फेरीलाही. एकदाही आधी नाही, एकदाही नंतर नाही. बाईंच्या डोळ्यांना धार लागली. काय करू आणि काय नको असं त्यांना झालं.

पण सव्वीस वर्षांची सवय बोटांत असते. पुढच्या फेरीला बाईंनी कोरी दिली. मशीनवरची आवाजाची कळ त्यांनी शून्यावर आणली. हेडफोनमध्ये आता आवाजाचा टिपूसही नव्हता. फोनवर सरकणारी वेळ बघत बाई जागेची वाट पाहत राहिल्या.

जागा आली. दिवा लागला. दोन ओळी, आणि विझला.

काचेतून धाकटी दिसत होती. डोळे मिटलेले, गाल ओले, मान कुणाचं तरी बोलणं ऐकल्यासारखी एका बाजूला कललेली. दिवा पुन्हा लागला. पुन्हा, ठरल्या वेळी, विझला. मशीनची कळ खरंच शून्यावर आहे का ते त्यांनी तीनदा पाहिलं.

दार उघडलं तेव्हा धाकटी पदराने तोंड पुसत होती.

"ताई, शेवटी शेवटी बाकीची वाद्यं का गं बंद केलीस? नुसती बासरीच ठेवलीस."

बाईंनी एकदा मशीनकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "तुला नीट ऐकू यावी म्हणून."

"किती वर्षांनी कुणी माझ्याशी इतकं गोड बोललं असेल," धाकटी म्हणाली आणि स्वतःच चपापली. "म्हणजे, वाजवलं. आता तू बस आत. मी बसते मशीनवर. तूही ऐक."

"कशालाही हात लावू नकोस. आहे तसंच राहू दे."

सव्वीस वर्षांत दुसऱ्या कुणाला मशीनवर बसवून बाई त्या खुर्चीवर कधी बसल्या नव्हत्या. धाकटीने दार लोटलं. बाहेर मशीनची कळ शून्यावरच होती, हे एकट्या बाईंना माहीत होतं. त्यांनी डोळे मिटले आणि धून मनातल्या मनात मोजायला घेतली. ढोल, सतार, व्हायोलिन. जागा आली.

काही नाही. स्वतःचा श्वास, स्वतःची नाडी. त्या पुढच्या जागेची वाट पाहत राहिल्या, त्याच्याही पुढच्या. काहीसुद्धा नाही. जे वाजत नव्हतं ते बाईंना ऐकू येत नव्हतं. कान शाबूत होते, डोकं ठिकाणावर होतं, राजीनामा फाडून टाकायला आता हरकत नव्हती. दादा वर्षभर अबोला धरून गेले होते, आणि मशीन बंद असताना वाजलेली ती बासरी धाकटीसाठी होती. स्वयंपाकघरात उभं राहून पंचवीस वर्षं ऐकणाऱ्या बहिणीसाठी त्यात एक सूरही नव्हता. बाईंना ते लागलं, फार लागलं, आणि त्याच वेळी बरंही वाटलं.

काचेपलीकडे धाकटी टेबलावर ओणवी होऊन दिव्याकडे डोळे लावून बसली होती. "आली का?" असं तिचे ओठ म्हणत होते.

बाईंनी पुढची जागा येऊ दिली, बटण दाबलं आणि दोन ओळी मोजून होईपर्यंत दाबून धरलं.