मुक्या गाडीचे मास्तर

टक, टक-टक. गाडीत बसण्यापूर्वी ते बोनेटच्या पत्र्यावर बोटांच्या पेरांनी तीनदा वाजवीत, मान तिरपी करून क्षणभर ऐकत आणि मग नाक खाली नेऊन वास घेत. एसटीच्या बसवर तीस वर्षे चालक म्हणून काढलेल्या माणसाची ती सवय होती. तापलेले ब्रेक, गळणारे डिझेल, जळू लागलेली वायर, सारे त्यांना आधी नाकाने कळे. आमच्या अंगणातल्या विजेच्या गाडीसमोर मात्र ते नाक पहिल्या दिवशी निराश होऊन वर आले.

“हिले वासच नाई, म्याडम,” ते म्हणाले. “अन् आवाजई नाई. गाडी हाय का फ्रिज?”

शेलूबाजारात आमच्यापासून तिसरे घर त्यांचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला होता आणि खिशात ओव्याची पुडी ठेवली होती. ते जवळ आले की ओव्याचा उष्ण, तिखट गंध येई. तुमच्याही गावात असा एखादा माणूस तुम्ही पाहिला असेल, ज्याला प्रश्न विचारला की तो उत्तर देण्याआधी वस्तू हाताळून पाहतो. आमचे भाऊ तसे होते. मी त्यांना भाऊच म्हणत असे.

गाडी माझ्या यजमानांनी हौसेने नोंदवली होती. ती घरी येईपर्यंत मधुमेहाने त्यांचा उजवा डोळा गेला होता आणि डावाही अंधूक झाला होता. डाव्या डोळ्यासाठी दर दोन महिन्यांनी अकोल्याला जाऊन इंजेक्शन घ्यावे लागे. एकदा भाड्याचा चालक ऐनवेळी आला नाही आणि तारीख टळली. उशिरा पोहोचलो तेव्हा डॉक्टरांनी शांतपणे सांगितले, की पुन्हा टळली तर उरलेले दिसणेही हाती राहणार नाही. पुढच्या तारखेला दोन महिने होते. माझे वय एक्कावन्न. मंगरूळपीरच्या महाविद्यालयात शिकवायला मी आयुष्यभर जीपच्या मधल्या बाकावर बसून गेले होते. शिकाऊ परवाना काढला आणि भाऊंच्या दारात उभी राहिले.

“शिकवतो,” ते म्हणाले. “पण आधी मले गाडी समजू द्या.”

गाडी समजून घेण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी होती. कंपनीचा माहितीचा कागद यजमानांना वाचता येत नव्हता. पण नोंदवतानाच त्यांनी तो पाठ केला होता. ओट्यावर बसून ते एकेक आकडा सांगत आणि भाऊ तो तपासत.

“जमिनीपासूनची उंची एकशे नव्वद मिलिमीटर,” यजमान म्हणाले.

“इटा आणा.”

दोन विटा एकावर एक आडव्या ठेवल्या गेल्या. भाऊंनी स्वतः गाडी त्यांच्यावरून नेली, मग अंगणात पालथे झोपून पोटाखाली पाहिले. वीट हललीही नव्हती. “किन्हीराजाच्या ब्रेकरवर घासत नाई,” त्यांनी निकाल दिला.

“डिक्की साडेतीनशे लिटर.”

“लिटर दुधाचं असते, साहेब. डिक्कीचं कायले? सोयाबीनचे कट्टे किती बसते ते सांगा.”

तीन पोती बसली. चौथ्यासाठी त्यांनी बराच वेळ खटपट केली आणि मग हात झटकून म्हणाले, “तीन. कागदावर तीन लिवा.” कागदावर या जातीच्या गाडीला ‘क्रॉसओव्हर’ म्हटले होते. त्याचा अर्थ यजमान समजावू लागले, तेव्हा भाऊंनी गाडीभोवती एक फेरी मारली. “समजलं. उंची जीपची, चेहरा साहेबाचा.”

सर्वांत नाजूक आकडा होता एका चार्जिंगमध्ये गाडी किती धावते याचा. भर उन्हाळ्यात, एसी लावून, दोघे बसून आम्ही तोही तपासला. कागदाच्या तीन हिश्शांतले दोनच खरे निघाले. यजमानांचा चेहरा उतरला. जणू फसवणूक त्यांनीच केली होती. भाऊंनी ओव्याचे चार दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले.

“साहेब, कागदावर माणूसई जास्तच असते. अकोला जाऊन-येऊन वर उरते ना? आपल्याले तेवढंच पाह्यजे.”

शिकवणी रोज सकाळी असे. “जयभीम, म्याडम. डावा पाय घरी ठेवला का?” ही तिची सुरुवात. या गाडीला क्लच नाही, गिअर बदलायचे नाहीत, डाव्या पायाला कामच नाही, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावले. आणि शेजारच्या आसनावर बसून स्वतः मात्र प्रत्येक वळणावर डावा पाय पायपुसण्यावर इतका दाबत, की पंधरा दिवसांत तिथली लव झिजली. मी एकदा हसले.

“हासा,” ते म्हणाले. “तीस वर्साचा पाय हाय. त्याले कोण सांगन?”

बाजाराच्या दिवशी त्यांनी मुद्दाम गर्दीतून गाडी न्यायला लावली. समोर एक म्हातारी मेथीची टोपली घेऊन चालली होती. मागे मोटार आहे याची तिला गंधवार्ताही नव्हती. मी हॉर्नकडे हात नेला, तर भाऊंनी तो अडवला.

“दचकन ते. टोपलं सांडन. म्याडम, डिझेलची गाडी सोताच सांगत जाते, हटा म्हून. हे मुकी हाय. मुक्याच्या जोडीदारानं डोये जास्त उघडे ठेवा लागते.”

आम्ही तिच्या मागे तिच्याच चालीने गेलो. मेथीचा ओला, कडवट वास उघड्या खिडकीतून आत येत राहिला. मुकेपण म्हणजे सौजन्य नव्हे, ती चालकावर आलेली जबाबदारी आहे, हे मला त्या पन्नास पावलांत कळले.

त्यांचा अविश्वास मावळला तो एका उतारावर. मी पाय उचलला, गाडी आपोआप मंदावली आणि पडद्यावरचा बॅटरीचा आकडा एकाने वाढला. भाऊंनी काच पुसून पुन्हा पाहिले.

“हे उतरतानी कमावून राह्यली!” ते जवळजवळ ओरडले. “इतके घाट उतरलो, म्याडम, डिझेलचा काटा कधी वर आला नाई.” त्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यांनी जीपवाल्यांना ही हकीकत तीनदा सांगितली. एकानेही विश्वास ठेवला नाही, याचा त्यांना फार आनंद झाला.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. त्यांच्याबद्दल लिहायला बसले की मला मात्र ती इंजेक्शनच्या तारखेची सकाळच आठवते.

वाशीमला परीक्षा देऊन माझा पक्का परवाना चार दिवसांपूर्वी आला होता. यजमान मागे बसले होते, भाऊ माझ्या शेजारी. महान गाव येईपर्यंत मी प्रत्येक ट्रकमागे त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी मान हलवली की पुढे, नाही हलवली की मागे. महानच्या थांब्याजवळ ते म्हणाले, “गाडी बाजूले घ्या. मले इथं उतरू द्या.”

“भाऊ, आज?” मी गाडी कडेला घेत म्हणाले. “अकराला पोहोचायचं आहे.”

“तुमी रस्ता पाह्यत नाई, मले पाह्यता. मी बसलो तवरक गाडी मीच चालवून राह्यलो.”

“पण काही झालं तर?”

“कायी झालं तर मी बाजूले बसून काय करन? मह्याकडे ब्रेक हाय काय?”

दार लागले. आरशात थांब्यावरच्या लिंबाखाली ते उभे होते. मग रस्ता वळला. बार्शीटाकळीपर्यंत मी फक्त रस्ता पाहिला. दोन ट्रक ओलांडले, एका बैलगाडीच्या मागे थांबले. दवाखान्याच्या दारात अकराला सहा मिनिटे कमी होती. इंजेक्शन झाले. डोळ्यावर पांढरी पट्टी घेऊन यजमान माझ्या खांद्यावर हात ठेवत बाहेर आले.

परतताना महानच्या थांब्यावर, त्याच लिंबाखाली, भाऊ सिमेंटच्या बाकावर बसलेले दिसले. चार तासांहून जास्त वेळ झाला होता. मी गाडी त्यांच्या पायांशी उभी केली. त्यांनी यजमानांच्या पट्टीकडे पाहिले, चारही चाकांकडे पाहिले. माझ्या शेजारचे दार मी आतून उघडले. त्यांनी ते बाहेरून लावून टाकले, मागे जाऊन यजमानांच्या बाजूला बसले, पाय सैल सोडले आणि म्हणाले,

“चला.”