करडी बाटली

सोन्याचे कण अगदी बारीक केले की ते पिवळे दिसत नाहीत. पाण्यात त्यांच्यावर प्रकाश पडला की त्यांच्यातले इलेक्ट्रॉन एका लयीत हलतात आणि पाणी लाल दिसतं. पाणी गोठल्याने किंवा भांडं अस्वच्छ असल्याने कण एकमेकांना चिकटले तर तेच पाणी निळसर करडं होतं आणि पुन्हा लाल होत नाही. डब्लिनमधलं माझं पीएचडीचं पहिलं वर्ष अशा एका लाल बाटलीवर उभं होतं. त्यातला नमुना वर्षअखेरच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मोजून दाखवायचा होता. जमलं नाही तर पीएचडी तिथेच संपणार होती.

मीटिंगच्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेतला फ्रीज उघडला तर बाटली मागच्या भिंतीला टेकलेली, आत बर्फ. ती भिंत गोठवते, म्हणून मी बाटली कायम पुढे ठेवायचे. पुढच्या जागेवर स्टीलचा डबा होता.

डबा आमच्या गटातल्या पोस्टडॉकचा, म्हणजे पीएचडी संपवून इथे संशोधन करणाऱ्याचा. पुण्याचा. मी त्याला दादा म्हणायचं, हे त्यानेच ठरवलं होतं. पॅन्ट्रीतल्या फ्रीजला वास येतो अशी गटातल्या एका आयरिश मुलाने तक्रार केल्यापासून तो डबा गुपचूप रसायनांच्या फ्रीजमध्ये ठेवायचा. मला माहीत होतं. मी गप्प होते. मराठीत एकोणसत्तर म्हणजे किती हे मला पटकन कळत नाही, म्हणून तो मला कॉन्व्हेंट मॅडम म्हणायचा आणि जेवताना मुद्दाम आकडे विचारायचा.

मीटिंगमध्ये आमच्या गटाच्या प्रमुख प्राध्यापक बाईंनी बर्फ वितळून करडी झालेली बाटली उजेडात धरली. माझ्याआधी दादाच बोलला. नवीन आहे, काचेची भांडी नीट धुतली नसतील. मग हसत माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "हो म्हण आणि मोकळी हो. आपल्यातलं आपल्यात राहू दे."

बाईंनी विचारलं, काय म्हणतोय तो?

"चूक माझी आहे असं सांगायला सांगतोय," मी इंग्रजीत म्हणाले. "बाटली गोठली होती. तिच्या जागी याचा जेवणाचा डबा आहे."

वासाची तक्रार करणारा खाली बघून हसला. ते हसू मला आवडलं नाही. शब्द परत घ्यावेत असंही वाटलं नाही. बाईंनी मला नवा नमुना करायला दोन आठवडे दिले आणि त्याला डबा बाहेर न्यायला सांगितलं.

कॉरिडॉरमध्ये तो थांबला होता. "आपल्याच माणसाला, त्यांच्यासमोर," एवढंच म्हणाला. त्यानंतर तो माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलला.

दहाव्या दिवशी नव्या बाटलीतलं पाणी लाल झालं. तो शेजारच्याच टेबलावर होता. त्याने वर पाहिलं नाही. मी दाखवलंही नाही.