लोणच्याची एक्सपायरी

मी इनक्युबेटरचं दार उघडलं. पेडणेकरांच्या लिंबाच्या लोणच्याची पाकिटं टम्म फुगली होती. इनक्युबेटर म्हणजे गरम कपाट. त्यात माल ठेवला की तो लवकर म्हातारा होतो, आणि बाहेर किती महिने टिकेल याचा अंदाज बांधता येतो. इथे अंदाज बांधण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

बाहेरच्या बाकावर पेडणेकर पाय हलवत बसले होते. त्यांचं मुलुंडला मसाले-लोणच्यांचं दुकान. आखातात नोकरीला गेलेल्या कोकणातल्या पोरांसाठी तिथे दुसरं दुकान काढायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. बाहेरच्या माणसाला तिथे एकट्याच्या नावावर दुकान काढता येत नसे. तिथलाच भागीदार लागायचा, त्याला स्पॉन्सर म्हणायचे. स्पॉन्सर मिळाला, गाळा मिळाला, धाकटा भाऊ बाबू इथली नोकरी सोडून तिकडे गेला. आणि पहिला माल तिथल्या बंदरात अडला, कारण लेबलवर एक्सपायरी डेट नव्हती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. आपल्याकडे लोणच्यावर पॅकिंगचा महिना छापला की भागायचं.

वरून स्टिकर चिकटवलेला चालत नव्हता. तारीख छापलेलीच हवी, सोबत लॅबचं सर्टिफिकेट हवं, आणि माल पोचेल तेव्हा निम्म्याहून जास्त आयुष्य शिल्लक हवं. महिनाअखेर माल आला नाही तर गाळा दुसऱ्याला देतो, असा स्पॉन्सरचा टेलेक्सवर निरोप आला होता. भाऊ तिकडे रिकाम्या फळ्यांसमोर बसून होता.

आमची लॅब अंधेरीला, एमआयडीसीत. साहेबांना मी पाकिटं दाखवली.

"लोणचंच आहे ना?" ते म्हणाले. "दोन वर्षं लिहा आणि मोकळ्या व्हा."

"सर, ते आठवड्यात फुगलंय."

"अहो, लोणचं खाऊन कोण मेलंय आजवर?"

"सही माझी आहे," मी म्हटलं. ते चिडले. मला त्यांच्याइतकाच पेडणेकरांचाही राग आला होता. सगळ्यांना घाई, आणि सही करायची मी.

पाकीट कापलं तर साल कच्ची, करकरीत. फुगलं म्हणजे आत अजून गॅस होत होता. मी पेडणेकरांना आत बोलावलं.

"मुरवलंत किती दिवस?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले. "मॅडम, स्पॉन्सर रोज फोन करतोय. मुरवत बसलो असतो तर..."

"मुरलेला माल आहे का कुठे?"

"आहे. पण तो आईचा."

त्याच दुपारी मी मुलुंडला त्यांच्या घरी गेले. माळ्यावर चिनी मातीच्या बरण्या होत्या, गेल्या वर्षीच्या आणि त्याआधीच्याही. घरच्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, शेजारच्या बाळंतिणींसाठी ठेवलेल्या. नमुने तपासले. आंबटपणा ठीक, मीठ ठीक, बुरशी नाही. काचेच्या बाटलीत भरून इनक्युबेटरमध्ये ठेवलं. मी रोज सकाळी पर्स खांद्यावरून न काढताच आधी कपाट उघडायची. बाटल्या शांत होत्या, मी नव्हते.

कारण गोम वेगळीच होती. तिकडचा कायदा माल बनल्या दिवसापासून आयुष्य मोजणार. आमचं लोणचं बनून वर्ष झालेलं. म्हणजे कच्चं पाठवावं तर फुगतं, मुरलेलं पाठवावं तर कागदावर म्हातारं. शेवटी मी पेडणेकरांकडून स्पॉन्सरला टेलेक्स करवला: मुरणं हा बनवण्याचाच भाग आहे, तेव्हा बाटलीत भरल्याचा दिवस उत्पादनाचा धरणार का, तिथल्या अधिकाऱ्यांना विचारा. साहेब म्हणाले, "विचारायला गेलात की नाही म्हणतात." उत्तर येईपर्यंत मला जेवण गोड लागलं नाही. उत्तर आलं: चालेल, मात्र लेबलवर तसं स्पष्ट लिहा. मी एका वर्षाचं सर्टिफिकेट दिलं, दोनचं नाही.

आता बरण्या हव्या होत्या. पेडणेकर मला पुन्हा मुलुंडला घेऊन गेले. आईसमोर एकट्याने बोलायची त्यांची छाती नव्हती. मी लेबलचा नमुना दाखवून वाचून दाखवला. वर मोठ्या अक्षरांत आईंचंच नाव होतं, दुकानाचा सगळा माल त्यांच्याच नावाने विकला जायचा.

"लोणच्याक खय मरणाची तारीख आसता?" त्या म्हणाल्या.

"तिकडचा कायदा आहे, आई," मी म्हटलं.

"वर्स झाल्यावर काय करतत तेचा?"

खोटं बोलवेना. "फेकून देतात."

त्यांनी लेबल माझ्याकडे परत सरकवलं. पेडणेकर म्हणाले, "आई, बाबू तिकडे रिकामो बसलोहा."

"बरणये घेवन जा," त्या म्हणाल्या. "पण तेच्यार माझा नाव नको."

बाटल्या वेळेत पोचल्या. दुकान उघडलं, चाललंही. तिथल्या लेबलवर अरबी होतं, इंग्रजी होतं, भरल्याची आणि संपण्याची अशा दोन्ही तारखा होत्या. आईंचं नाव तेवढं नव्हतं. पेडणेकरांनी पुढे दोन-तीनदा विषय काढला, त्यांनी ऐकलं नाही.

एक्स्पोर्टचे क्लायंट पुढे पुष्कळ आले. सगळे मला एकच विचारायचे, मॅडम, तिकडे लेबलवर काय काय लावावं लागतं? मी यादी द्यायची. त्यासाठी इथलं काय काढावं लागेल, हे कोणी विचारलं नाही.