चार हात रॉडन

मेबलकाकूच्या घरात टेबलावर अंडं ठेवलं की ते पूर्वेला चालू लागायचं. काकू न बघता हात पुढे करून ते अलगद अडवायची. बासष्ट वर्षांची सवय.

आमचा फेनचा मुलूख म्हणजे पाणी उपसून कोरडी केलेली दलदल. इथली काळी माती वाळते आणि वर्षागणिक खाली बसते. मेलेल्या नद्यांचा पांढुरका गाळ मात्र बसत नाही. म्हणून कधीकाळी सगळ्यात खालून वाहणारी नदी आता शेतांतून उंच वरंबा होऊन नागमोडी जाते. तिला आम्ही रॉडन म्हणतो. हा शब्द आला कुठून, ते विचारायला एक विद्वान आला होता. कोणी म्हणे मूळ रॉडम, कोणी म्हणे आणखी काही. ठाम त्यालाही ठाऊक नव्हतं.

काकू म्हणाली, "अर्थ मला विचारा. घर जिथं टिकतं ती रॉडन. आमचं निम्मंच तिथं आहे."

निम्मंच, कारण माझ्या आजोबांनी सख्ख्या भावाला, म्हणजे काकूच्या सासऱ्याला, रॉडनवरची आणखी चार हात जागा दिली नाही. भांडण कशावरून, तर एका डुकरिणीवरून! आमचं घर ताठ, तिचं दरसाल थोडं कललेलं. आजोबांचा मला आजही राग येतो.

मार्चमध्ये सरकारी पाहणीवाला आला. त्यानं जमिनीवर उतार मोजायची लेव्हल ठेवली आणि मान हलवली.

"आजी, हिवाळ्याआधी घर सोडा."

"अरे, एक पाचर मार की! आमचे हे दरवर्षी कपाटाखाली मारायचे."

"ते कपाटाला, आजी. घराला नाही चालत."

काकूनं माझ्याकडे पाहिलं. चार हात आज दिले तरी घर थोडंच सरकणार होतं?

ऑक्टोबरात तिला आमच्याकडे आणलं. पहिल्याच सकाळी ती चहाच्या कपासकट धाडकन पडली. सपाट जमिनीवर!

"तुमचं घर तिरकं आहे गं," ती म्हणाली. आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पडली, तेव्हा कोणी हसलं नाही. नंतर ती खुर्ची सोडेनाशी झाली. मी खुर्चीच्या दोन पायांखाली विटा ठेवून पाहिल्या. बसायला बरं वाटलं तिला, पण उठणार कशी?

काल नाश्त्याला मी तिच्यापुढे अंडं ठेवलं. काकूनं न बघता हात पुढे केला. अंडं जागचं हललं नाही. ती हात तसाच धरून वाट बघत राहिली.

मी बोटानं ते तिच्याकडे ढकललं.