शिकंज्यातला हात

अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यावर बाइंडरकाकांचा डावा हात हळूहळू मिटत गेला. आधी मनगट वाकलं, मग बोटं तळव्यात शिरली. अंगठा तर असा आत दडून बसला की नखं कापताना काकूंच्या नाकी नऊ यायचे. शेवटी थेरपिस्ट मुलीने पांढऱ्या प्लॅस्टिकची, हाताच्या मापाची स्प्लिंट करून आणली. कोपराखालपासून बोटांच्या टोकापर्यंत हात तिच्यावर पसरायचा, तीन पट्टे लावायचे आणि दुपारी दोन तास तसंच बसायचं. काकांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ‘मेहुणा’ ठेवलं.

“तुझ्या भावासारखीच आहे,” ते काकूंना म्हणाले. “येते, हातपाय पसरून बसते, काम काडीचं नाही!”

काकू हसल्या खऱ्या, पण ते हसू ओढूनताणून आणलेलं होतं. कारण त्याच सकाळी त्या मुलीने त्यांना जिन्यात एकट्यांना गाठलं होतं. “काकू, याने हात पूर्वीसारखा होणार नाही हं. आखडणं वाढू नये, दुखणं कमी व्हावं, तळवा धुता यावा, एवढ्यासाठी आहे ही. बांधणीचं काम मात्र आता विसरायचं. काकांना तुम्हीच सांगाल ना?” सांगते, असं काकू म्हणाल्या आणि पुढचे पाच आठवडे ते वाक्य गिळून बसल्या.

सांगायचं तरी कसं, आणि तेही त्या हाताबद्दल! लग्न होऊन काकू या घरात आल्या तेव्हा पुढच्या खोलीत धड पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला टेकून शाळेची हजेरीपुस्तकं, वकिलांच्या फायली, वाचनालयातली पाठ मोडलेली पुस्तकं आणि सगळ्यावर चिकटवायच्या खळीचा आंबूस वास. नव्या नवरीला त्या वासाने मळमळायचं. वर्षभराने माहेरी गेल्या, तर त्याच्याशिवाय झोप लागेना!

काका उजव्या हाताने दाभण चालवत आणि डाव्याने कागदांचा गठ्ठा धरत. लोक उजव्याचं कौतुक करत, पण खरी करामत डाव्याची होती. कडेवरून नुसता अंगठा फिरवला की एक पान कमी आहे का जास्त, ते सांगून मोकळे होत. पानं क्रमाने लावून द्यायचं काम काकूंचं. एकदा गप्पांच्या नादात त्यांनी एका कादंबरीचे भाग मागेपुढे लावले आणि काकांनी ते तसेच शिवले. नायिका आधी मेली, मग तिचं लग्न लागलं. शिवण उसवताना काका म्हणाले, “राहू दे की असंच. शेवट तरी गोड होतो.” दोघं पोट धरधरून हसले होते. काकूंना ते दिवस आठवले की आजही गलबलून येई.

काका मात्र बांधणीचं टेबल आवरू देत नव्हते. “हात सुटला की कामाला बसतोच,” हे त्यांचं पालुपद. सहाव्या आठवड्यात काकू औषधं आणायला गेल्या आणि परत येऊन पाहतात तर काका शिकंज्यापाशी. पुस्तकं दाबायचा तो छोटा लोखंडी शिकंजा. हात कोमट पाण्यात भिजवून, स्प्लिंटचे पट्टे दातांनी करकचून आवळून, वर फळी ठेवून त्यांनी तो चक्क शिकंज्यात घातला होता.

“अहो, हे काय!”

“अर्धाच फेरा दिलाय,” काका म्हणाले. चेहरा पांढराफटक पडला होता. “वाकलेला पुठ्ठा ओला करून दाबला की सरळ होतो.”

हात म्हणजे पुठ्ठा नव्हे, हे चाळीस वर्षं पुठ्ठे सरळ केलेल्या माणसाला कोण पटवणार! काकूंनी फेरा उलटा फिरवला, पट्टे सोडले. कातडीवर लालभडक वळ होते, आणि सुटलेली मूठ पहिल्यापेक्षा घट्ट मिटली.

थेरपिस्ट मुलीने येऊन चांगलंच फैलावर घेतलं. “काका, पुठ्ठा दाबला की गप्प पडतो. या हाताला जोर केला की तो उलटा जोर करतो. त्याला हळूहळू पटवावं लागतं. आता वळ जाईपर्यंत आठवडाभर स्प्लिंट बंद.”

ती गेल्यावर काका हिशेब करू लागले. “म्हणजे आठवडा फुकट. मग टेबलावर बसायचं कधी?”

काकूंना आता राहवेना. “नाही बसायचं,” त्या म्हणाल्या. “तो हात आता काम करणार नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. माझंच चुकलं, मी सांगितलं नाही.”

आठवडाभर काका घरात असून नसल्यासारखे होते. जेवा म्हटलं की जेवत, झोपा म्हटलं की झोपत. काकूंना वाटलं, यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

आठव्या दिवशी वळ गेले. दुपारी काकूंनी त्यांचा हात मांडीवर घेतला. मनगट जरा खाली वाकवून एकेक बोट हलकेच उलगडलं, तळवा पुसला, हात स्प्लिंटवर ठेवला.

“काम करणार नाही, तर मग रोजचा हा खटाटोप कशासाठी?” काकांनी विचारलं.

“मला हवाय तुमचा हात,” काकू म्हणाल्या. “कामाचा नको. नुसता.”

काकांनी एकदा टेबलाकडे पाहिलं. सवयीने उजवा हात पट्ट्याकडे गेला होता, तो त्यांनी मागे घेतला.

“तूच लाव,” ते म्हणाले. “मला सैल बांधता येत नाही.”