पाण्याची बातमी

डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बोट दाखवलं, तेव्हापासून मी रोज सकाळी ब्राह्मणपुरीकडच्या कालव्याकाठी रमतगमत सायकल चालवतो. वाटेत उसाच्या बांधावर एक म्हातारे बाबा फावड्यावर हनुवटी टेकून उभे असायचे.

"भाऊ, वर पानी दिसनं का?"

कालवा कोरडा होता, ऊस वाळायला लागला होता, आणि मला रोज नाही म्हणावं लागायचं.

गेल्या महिन्यात एकदाचं वरच्या अंगाला कालव्यात पाणी येताना दिसलं. बातमी द्यायला जिवाच्या आकांताने निघालो, तर साखळी उतरली. ती चढवून धापा टाकत पोचलो, तोवर बाबा घोटाभर पाण्यात उभे राहून उसाला पाण्याचं बारं देत होते.

"पानी तं तुम्हना पहिले उनं," माझ्याआधीच पाणी आलं म्हणून ते हसले. "पन सांगाले तुम्हीच उनात."

आता कालवा भरून वाहतो. तरी बाबा विचारतात, आणि मीही थांबून सांगतो, "येतंय हो."